सुगीच्या दिवसांत बाहेरून लावलेली कडी

पाऊस परतला, भुईमुगाच्या वेली पिवळ्या पडल्या आणि जपमाळेचा महिना सुरू झाला, की आपल्या खानापूर-बेळगाव भागातील गावे दिवसभर ओस पडतात. म्हातारीकोतारी, लेकरेबाळे, सारी शिवारात. अशा वेळी दुपारी गल्लीतून चालत गेले, तर एखाद्या घराची कडी बाहेरून लावलेली दिसते आणि आतून कोणीतरी एकाच लयीत दारावर थापा मारत असते. शेजाऱ्यांना त्या आवाजाची सवय झालेली असते. "त्यांचं ते पोर आहे," एवढे सांगून माणूस पुढे जातो. आमचे आजचे म्हणणे आहे ते या कडीविषयी.

हे आम्ही कोणावर रागावून लिहीत नाही. आमच्याच घरी असा एक नातू आहे आणि दोन सुगींत ही कडी आम्हीही लावली आहे. तेव्हा कडी लावणारे आईबाप निर्दय नसतात, हे आम्हांस इतरांनी सांगायला नको. मूल शेतात नेले की मळणी यंत्राचा आवाज ऐकून किंचाळते, अंगाला भाताचे कूस लागले की कपडे काढून टाकते, माती तोंडात घालते, आणि नजर चुकली की पाण्याकडे धावते. ऐन कापणीत माणसे मिळत नाहीत. अशा पोरामागे एक माणूस अडकवून ठेवणे कोणाला परवडणार? म्हणून कडी लागते. पहिल्या वर्षी जीव तुटतो, दुसऱ्या वर्षी सवय होते.

पण शरदातले हे दीड-दोन महिने म्हणजे अशा मुलांसाठी वर्षातला सर्वांत चांगला काळ आहे, आणि नेमका तोच आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

ही मुले अशी का वागतात ते थोडे समजून घेऊ. आपण शाळेत पाच इंद्रिये शिकलो. त्यांखेरीज शरीराला आणखी दोन जाणिवा असतात. एक कानाच्या आतल्या भागात असते. तिच्यामुळे तोल आणि हालचाल कळते. दुसरी स्नायूंत व सांध्यांत असते. तिच्यामुळे डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे आणि उचललेले ओझे किती आहे हे समजते. काही मुलांत या जाणिवा फार तीव्र असतात, काहींत फार मंद. एकाच मुलात दोन्ही गोष्टी असू शकतात. आमच्या नातवाला कुकरची शिटी सोसत नाही, पण गुडघा फुटून रक्त आले तरी तो रडत नाही. ज्याच्या जाणिवा मंद असतात, तो उड्या मारून, आपटून, फेऱ्या मारून त्या जाग्या करू पाहतो. दारावरच्या थापांचे कारण बहुधा हेच. लोक त्याला हट्ट म्हणतात.

बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन लिहिले. त्या स्थितीला आज ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतात. अमेरिकेतील जीन एअर्स या बाईंनी संवेदनांच्या या घोटाळ्यावर १९७२ साली ग्रंथ लिहिला. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा आवाज, स्पर्श, वास यांचा अतिरेकी त्रास किंवा त्यांची जाणीवच कमी असणे याला स्वमग्नतेच्या लक्षणांत स्थान मिळाले. स्वमग्न नसलेल्या काही मुलांनाही अशी अडचण असते. मधल्या काळात काही पंडितांनी आईच्या थंडपणाला दोष दिला होता; तो विचार केव्हाच मोडीत निघाला. ही कोणाची करणी नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, आणि आईबापांच्या पापाचे फळ तर नव्हेच. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा प्रभूने काय उत्तर दिले ते संत योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. ते वाचूनही आपल्यापैकी कोणी अशा आईला नवस-गंडे सुचवत असेल, तर त्याने तो अध्याय पुन्हा वाचावा.

शहरात अशा मुलांसाठी खास खोल्या असतात. तिथे झोपाळा असतो, वाळूची पेटी असते, ढकलायला जड पिशव्या असतात, लोळायला मऊ गाद्या असतात. एका तासाचे पैसे मोजावे लागतात आणि जाण्यायेण्याचा दिवस मोडतो. ती खोली पाहून आम्ही परत आलो, तेव्हा एस.टी.त बसल्या बसल्या आमच्या सौ. म्हणाल्या, "हे सगळं आपल्या खळ्यावर पडून आहे की!" त्या म्हणाल्या ते खरे होते.

मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. शेतात नेल्याने ऑटिझम बरा होतो असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या खोलीतल्या उपचारांचासुद्धा पुरावा मर्यादित आहे, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली सांगितले होते. आमचे म्हणणे साधे आहे. मुलाला आपल्या माणसांत, मोकळ्या हवेत चार तास बरे जावेत. तो दमावा, पोटभर जेवावा, रात्री झोपावा. ज्या घरात असे मूल रात्री दोन वाजेपर्यंत जागे असते, त्या घराला या झोपेची किंमत विचारावी.

सुरुवात भुईमुगापासून करावी. भाताच्या आधी तोच निघतो, आणि त्याला यंत्राचा आवाज नसतो. वेलीचा बुडखा दोन्ही मुठींत धरून ओढायचा. माती आधी सोडत नाही, हात-खांदे ताणले जातात, मग एकदम सुटते आणि मुळाशी शेंगांचा घोस वर येतो. ओढणे, ताण, सुटणे आणि शेवटी हातात काहीतरी येणे: मंद जाणिवेच्या मुलाला हवे असते ते सगळे या एका कामात आहे. आमचा नातू पहिल्या दिवशी सहा वेली उपटून थांबला. चौथ्या दिवशी त्याने अर्धी सरी केली आणि मध्ये एकदाही स्वतःचा हात चावला नाही. नंतर शेंगा तोडायला बसवले तर तो बसला नाही. ते काम बोटांचे आहे, त्याला जमत नाही. पण तोडलेल्या शेंगा बादलीतल्या पाण्यात धुवायला दिल्या, तेव्हा तासभर हलला नाही. प्रत्येकाचे काम वेगळे निघते. ते शोधावे लागते, आणि दोन-चार दिवस फुकट जातात.

रताळी काढणीही चांगली. वेल कापून कुदळीने वाफा मोठ्या माणसाने फोडावा. मग भुसभुशीत मातीत हात घालून रताळी हुडकणे मुलावर सोपवावे. ज्याला ओली माती हाताला लागलेली सोसत नाही, त्याला जबरदस्ती करू नये. त्याला बुट्टी धरू द्यावी किंवा हाताला जुना मोजा चढवून द्यावा. बुट्टीत ओझे किती? तो हसत उचलेल एवढेच. बांधावरून बैलगाडीपर्यंत अर्धी बुट्टी नेऊन ओतणे, पुन्हा येणे, पुन्हा नेणे, यात अंगाला जड कामाचा दाब मिळतो आणि मन ठिकाणावर येते. पण हे मजूर वाचवण्याचे साधन नव्हे, हे लक्षात असू द्यावे. त्याने तिसऱ्या खेपेला बुट्टी टाकली तर काम संपले. "आणखी एक खेप कर" म्हणू नये.

भाताचे मात्र जपून. कूस आणि धूळ यांनी चांगल्या माणसाची कातडी खाजते, मग ज्याला सदऱ्याची शिवणही टोचते त्याचे काय होत असेल! जुना, धुऊन मऊ झालेला पूर्ण बाह्यांचा सुती सदरा उलटा घालावा, म्हणजे शिवणी बाहेर राहतात. हसू नका, आम्ही तसाच घालतो. पहाटेचे दव काही मुलांना पायाला सोसत नाही; ऊन थोडे वर आल्यावर न्यावे आणि दुपारचा ऑक्टोबरचा चटका बसण्यापूर्वी परत आणावे. तहान लागली हे यांतल्या काहींना कळतच नाही, तेव्हा पाणी मागायची वाट न पाहता पाजावे. मळणी यंत्र चालू असेल त्या दिवशी शेतात नेऊच नये. यंत्र बंद असताना ते हात लावून पाहू द्यावे. चार पेंढ्या बाजूला ठेवून फळीवर हाताने झोडायला द्याव्यात. त्या झोडण्याला लय असते, आवाज आपल्याच हातात असतो, आणि आवाज आपल्या हातात असला की तोच मुलगा घाबरत नाही. वारा देताना सुपातून पडणारे दाणे पाहत एखादे पोर तासभर उभे राहील. राहू द्यावे. आपणही आकाशातल्या ढगांकडे तसेच पाहतो. आपल्याला कोणी हलवत नाही.

पिंजरात उड्या मारणे हा या सर्वांत मोठा आनंद. पण आधी ढीग काठीने हलवून पाहावा. कापणीच्या दिवसांत उंदरांमागे घोणस आणि नाग शेतात येतात हे तुम्हांला ठाऊक आहे, आणि साप चावल्यावर काय झाले ते सांगण्याची वाचा या मुलांना बहुधा नसते. चप्पल घालत नसेल तर झाडलेल्या बांधावरूनच न्यावे, पुढे मोठा माणूस काठी आपटत.

निघण्याआधी त्याला सांगावे, पण शब्दांनी सांगून पुष्कळदा पोहोचत नाही. आम्ही नातवाच्या हातात सुकलेली शेंग देतो. शेंग म्हणजे शेत, हे त्याला पंधरा दिवसांत कळले. परतण्याची खूणही ठरलेली: बुट्टी भरली की घरी. रोज एकच वाट, एकच झाड, एकच घोंगडे. झाडाखालचे ते घोंगडे त्याचे. फार झाले की तो तिथे जाऊन पडतो आणि तिथे त्याला कोणी हाक मारत नाही. पाहुणेमंडळी म्हणतात, पोराला फार लाडावलेत. म्हणोत.

आता विहिरींविषयी. वाचकहो, बाकीचे विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. स्वमग्न मुले अचानक निघून जातात आणि त्यांतल्या पुष्कळांना पाण्याची ओढ असते. अशा निघून गेलेल्या मुलांच्या मृत्यूचे एक मुख्य कारण बुडणे हे आहे. शरदात आपल्या विहिरी काठोकाठ असतात. कित्येकांना कठडा नाही, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि वर गवत इतके माजलेले की काठ कुठे संपतो ते दिसत नाही. शेततळी तर त्याहून वाईट. तळाला प्लास्टिकचा कागद असतो; त्यावर पोहणारा गडीसुद्धा घसरतो, बाहेर येता येत नाही. तळ्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर आत सोडून ठेवावेत आणि कुंपणाला फाटक करून त्याला कडी घालावी. कडी लावायची ती इथे.

तीन वर्षांपूर्वी एका फेस्ताच्या दिवशी मिरवणूक निघाली, बँड सुरू झाला आणि आमच्या पाठीमागेच कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. नातवाचा हात त्याच्या आईच्या हातात होता, तो सुटला. माणसे दोनशे-तीनशे, पण तो कुठे गेला ते एकानेही पाहिले नव्हते. पाऊण तासाने तो सापडला, पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर, दोन्ही कानांत बोटे घालून बसलेला. खालची पायरी पाण्यात होती. त्या मळ्याचा मालक आपल्याच धर्मग्रामाचा. त्या विहिरीला त्या दिवशी कठडा नव्हता, आणि तो बांधावा असे आम्हीही त्याला कधी म्हटले नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. शेतात गेल्यावर "सगळ्यांनी लक्ष ठेवा" असे कोणी म्हणत नाही. सगळ्यांचे लक्ष म्हणजे कोणाचेच नाही. नजर एकाची, नाव घेऊन. तो पाणी प्यायला उठला तर दुसऱ्याला सांगून उठतो. वाकून काम न होणारी आत्या या कामी फार उपयोगी पडली. दसऱ्याच्या सुट्टीत मोठी भावंडे घरी असतात, त्यांनाही हे काम द्यावे, पण तासाभराहून अधिक नव्हे. तीही मुलेच आहेत. मूल मोठे असेल तर पोहायला शिकवावे, तरी शिकला म्हणून नजर काढू नये. ज्याला फिट येते त्याला पाण्याजवळ किंवा गंजीवर चढू देऊ नये आणि त्याची गोळी सुगीच्या धांदलीत चुकवू नये.

औषध मारलेल्या शेतात, फवारणी होऊन चार दिवस झाले असले तरी, माती तोंडात घालणारे मूल नेऊ नये. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, पण थिमेटचे जुने डबे अजून कित्येकांच्या माळ्यावर आहेत. रंगीत दाणे आणि पोराचा हात यांची गाठ पडू देऊ नका. निपाणीकडच्या वाचकांनी तंबाखूच्या ओल्या पानांपासूनही मुलांना दूर ठेवावे. त्या पानांचा रस कातडीतून अंगात भिनतो.

राहिला आपल्या चर्चचा प्रश्न, आणि इथे आमचा थोडा राग आहे, तो लपवत नाही. जपमाळेचा महिना, फेस्त, नव्या भाताचे आशीर्वाद, मृतांचा दिवस हे सारे याच दिवसांत येते. या सर्व ठिकाणी ही मुले का दिसत नाहीत? कारण एकदा मिस्सेत ओरडल्यावर पुढच्या बाकावरून मागे वळून पाहणाऱ्या चेहऱ्यांना आई घाबरते. संत मार्काच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे करताना प्रभूने प्रथम काय केले? त्याला गर्दीतून बाजूला नेले. मग त्याच्या कानांना हात लावला. आम्ही हा भाग कित्येक वेळा ऐकला होता, पण बाजूला नेण्याचा अर्थ त्या विहिरीच्या पायरीवर कळला.

तेव्हा आमच्या मागण्या फार नाहीत. फेस्ताच्या दिवशी फटाके लावायचेच असतील तर वेळ आदल्या रविवारी मिस्सेत सांगावी आणि ती पाळावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली. आपल्या हिंदू शेजाऱ्यांना आपण दिवाळीत विनंती करायची तर आधी आपले अंगण शांत हवे. नव्या भाताची पेंढी वेदीपाशी नेण्याचे काम या मुलांपैकी एकाला द्यावे, पण गर्दी जमण्यापूर्वी, अर्धा तास आधी, फादर आणि घरची चार माणसे असताना. आणि २ नोव्हेंबरच्या आदल्या आठवड्यात थडगी साफ करायला आपण जातो, तेव्हा यांना न्यावे. गवत उपटणे, बादलीने पाणी ओतून दगड धुणे, झेंडूची फुले रांगेने मांडणे: याहून शांत आणि त्यांच्या हाताला साजेसे काम गावात दुसरे नाही. गेल्या वर्षी आमच्या नातवाने त्याच्या पणजीचे थडगे इतके धुतले की शेजारची दोनही धुऊन टाकली.

काही जण म्हणतील, आधी डॉक्टरांना दाखवा, शेताचे मग बघू. दाखवायलाच हवे, दोन्ही एकाच वेळी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते आणि संशय आल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे. दाखला आणि ओळखपत्र काढून ठेवावे. दाखला काढला म्हणजे पोरावर शिक्का बसतो, ही समजूत आमच्या घरातही होती आणि तिच्यापायी आमची चार वर्षे गेली.

यंदा आम्ही असे ठरवले आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ओसरीवर एक वही ठेवू. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी, वाटल्यास नुसते वाड्याचे नाव लिहावे. ज्यांच्या शेतात कठड्याविना विहीर किंवा दोराविना शेततळे आहे, त्यांनी तेही लिहावे. युवक मंडळाच्या मुलांनी शनिवारी दोन तास दिले तर कुंपण आणि दोर यांचे काम भात कापणीपूर्वी उरकेल. बांबू आमच्याकडे आहेत.